वागियोचे पाय

४ एप्रिल १९९४, सोमवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू वहीच्या पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो, म्हणजे इथे कुणी विचारलं तर आठवत बसायला नको. गावच्या मशिदीतला ढोल टांगायची चौकट, सागाची, एकही खिळा नाही. शाळेची चौदा बाकं. गावप्रमुखाच्या मुलीचा लग्नाचा पलंग. त्याच्या उशाकडच्या फळीवर सात मोर आहेत आणि सातांचे डोळे सात दिशांना. एक हातमाग. माझ्या घराची सगळी दारं-खिडक्या. ही वही ज्या पेटीत राहते ती पेटी. तिसरीत शाळा सुटली. गुरू कुणी नाही. डच साहेबांच्या काळातलं एक मोडकं कपाट बाजारातून आणलं, चार वेळा सुटं केलं, चार वेळा जोडलं. शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

आज इस्पितळात रुजू झालो. मनोरुग्णांच्या कामशाळेचा मुख्य सुतार. मुख्य म्हणजे एकटाच, पण दारावर पाटी आहे. कामशाळा ऐसपैस, उत्तरेला चार खिडक्या, दिवसभर सारखा उजेड. मागे फणसाच्या लाकडाची थप्पी, तीन वर्षं वाळलेली, पिवळीधमक. वास घेतला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पोरासारखा आनंद झाला. जेवणात तळलेलं सोयाबीनचं टेंपे आणि फणसाची भाजी. चहा गोड, हवा तसा.

परिचारिकांच्या प्रमुख बू मुर्तिनाह माझ्याच वयाच्या, म्हणून मला मास, म्हणजे दादा म्हणतात, अंगाने भारदस्त. म्हणाल्या, मास कस्मुरी, आधीचा सुतार तीन पायांची खुर्ची करून गेला, तुमच्याकडून चौथ्या पायाची आशा आहे. वॉर्ड हसला. डॉक्टर हाप्सारी तरुण आहेत, तिशीच्या, म्हणून मला पाक म्हणतात, वडलांसारखं. त्यांनी विचारलं, पाक, रुग्णांसाठी वस्तू करताना त्यामागचा हेतू समजावून सांगत जाऊ का? मी माझं नेहमीचंच सांगितलं. माप सांगा, कारण सांगू नका. कारणं बदलतात, माप बदलत नाही.

त्यांनाही हसू आलं. चांगली माणसं आहेत.

६ एप्रिल, बुधवार

सकाळच्या सभेला बसलो. वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाबद्दल सगळे मिळून ठरवतात आणि निर्णय रजिस्टरात चढतो. सभेत कुणी नाही म्हणत नाही. मोठ्याने विरोध करणं म्हणजे समोरच्याच्या ताटात थुंकणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळे इंग्गिह म्हणतात. इंग्गिह म्हणजे ऐकलं. पटलं की नाही ते नंतर, मागच्या अंगणात, दुसऱ्याच कुणाला सांगायचं.

आज बोलणं झालं ते वागियोबद्दल. वागे या बाजारदिवशी जन्मला म्हणून वागियो. वय अडतीस. बारा वर्षं घरामागच्या छपरीत खोड्यात होता, दोन्ही पाय लाकडात. सरकारी माणसांनी सोडवून आणला त्याला सहा महिने झाले. पाय वेळूच्या काठीसारखे. हाडाने बरे आहेत पण उभे राहत नाहीत. त्याचा थोरला भाऊ लेगिमिन याने कागदावर अंगठा दिलाय. तीस जूनला तो येणार. वागियो फाटकातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला तर घरात माणसासारखा राहील. नाही आला तर भाऊ त्याला पाठीवर घालून नेणार, आणि छपरीत तोच खोडा वाट बघतोय. इस्पितळाला त्यापुढे ठेवून घेता येत नाही.

सगळे म्हणाले, इंग्गिह.

१२ एप्रिल

वागियोला चाकाच्या खुर्चीतून कामशाळेत आणलं. मी त्याला कानस दिली. धरायची पद्धत बघूनच ओळखलं, हा हात लाकडातला आहे. माझ्या पेटीच्या सांध्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, पाक, यात केस पण जाणार नाही. गेली वीस वर्षं मी लोकांच्या तोंडून हेच वाक्य ऐकायची वाट बघतोय. ते एका वेड्याने म्हटलं.

सैपाकघरातल्या म्बोक जिनेमने बाकीचं सांगितलं. म्हातारी एका हाताने मिरच्या वाटते आणि दुसऱ्याने दुनियेची खबर. वागियोची पाच वर्षांची पोरगी कालव्यात पडली. हा काठावर होता. चार पावलांवर. पाय हललेच नाहीत त्याचे, म्हणे. नुसता उभा. पोरगी गेली. मग हा रोज कालव्याकडे धावायचा, आता उडी मारायला, आणि दर वेळी काठावर येऊन पुन्हा तसाच उभा. अर्धा धावतो, अर्धा धरून ठेवतो. म्बोक म्हणाली, आणि तो खोडा भावाने नाही केला हो. वागियोने स्वतःच कापला. भावाने फक्त खुंटी ठोकली.

मी विचारलं, कसलं लाकूड होतं? ती म्हणाली, हे बघा, माणूस मेलं तरी हे लाकूडच विचारणार.

२० एप्रिल

सभेत वागियोबद्दल दोन निर्णय झाले. डॉक्टर हाप्सारी म्हणाल्या, त्याला रोज उभं करायचं. सगळे इंग्गिह. मग बू मुर्तिनाह म्हणाल्या, त्याला अजून उभं करायचं नाही, जिवाला धोका आहे. सगळे इंग्गिह. डॉक्टरही. दोन्ही रजिस्टरात एकाखाली एक चढले आणि दोन्ही लागू आहेत.

दुपारी डॉक्टर एकट्याच आल्या. पाक, कुणाला बोलू नका. तो फक्त माझ्याजवळ बोलतो. रडतो. म्हणतो, डॉक्टर, मला चालायचंय, पण मुर्तिनाहबाई मला खाटेवरून हलू देत नाहीत. त्यांनी धरून चालायला दोन दांडे मागितले. लांबी तीन मीटर, उंची नव्वद. दिले.

तास झाला नाही तोच बू मुर्तिनाह. मास, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून सांगते. डॉक्टरीणबाईंना पुस्तकं कळतात, माणूस नाही. तो माझे हात धरून विनवतो, बू, मला उठवू देऊ नका, उठलो की मी पाण्याकडे जाईन. हे त्याने फक्त मला सांगितलंय. त्यांना जड बाक हवा होता, कुणालाही हलवता न येणारा. दोन मीटर बाय साठ. दिला.

दोघी खोटं बोलत नव्हत्या. मी तोंडावरून सांगू शकतो, जसं गाठ कुठे आहे ते सालीवरून सांगतो तसं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. सुताराने घेऊ नये.

२९ एप्रिल

डॉक्टरांनी एक फळी मागितली. तीत शेजारी-शेजारी दोन अर्धगोल खाचा. उभा राहताना घोटा वाकडा जाऊ नये म्हणून, असं त्या सांगायला लागल्या, मी हात वर केला. माप? खाचेची रुंदी आठ सेंटिमीटर. मी म्हणालो, वागियोचा घोटा साडेसहाचा आहे, मी बघितलाय, ढिलं होईल. त्या म्हणाल्या, आठच. कुठून आणलं हे माप, ते त्यांना आठवेना.

मंगळवारी बू मुर्तिनाहनीही एक फळी मागितली होती, बाकाच्या पायथ्याला वरून ठेवायला, लाथा झाडू नयेत म्हणून. दोन अर्धगोल खाचा. आठ. त्यांनाही मी साडेसहाचं बोललो होतो. त्याही म्हणाल्या, आठच.

दोन्ही फणसाच्या करून दिल्या. कडा उत्तम उतरल्या. आता परिचारक दोन टेबलांवर जेवतात. दांड्यावाले खिडकीशी, बाकवाले दाराशी. मी उभ्याने चहा घेतो.

९ मे

वागियो उभा राहिला! आणि चार पावलं चालला. दांडे धरले पण नुसते बोटांनी. मी स्वतः मोजली, चार.

वॉर्डात फूट पडलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून या निमित्ताने एकोप्यासाठी स्लामेतानचं जेवण घातलं. मध्ये पिवळ्या भाताचा डोंगर, भोवती सगळ्यांनी मिळून बसायचं, एकाच पानातून खायचं. प्रार्थना झाली. खिडकीवाल्यांनी त्यांच्या बाजूने खाल्लं, दारवाल्यांनी त्यांच्या. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. शेवटी पानावर बोटभर जाडीची भाताची एक भिंत उभी राहिली, दोन्हीकडून गुळगुळीत. तिला कुणी हात लावेना. म्बोक जिनेम म्हणाली, उरलेला भात मी कोंबड्यांना घालते. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही. ती हसत हसत सांगत होती, पण पुढे हसली नाही.

अजून एक. डॉक्टर हाप्सारी आता बसत नाहीत. सभेतही येरझाऱ्या. चपलांच्या टाचा एका बाजूने झिजल्यात. आणि बू मुर्तिनाह खुर्चीतून उठत नाहीत. घोटे सुजून मोजे काचतात. म्हणाल्या, वय झालं, मास.

वागियो एकदम शांत. इस्पितळात शांत दिसणारा तो एकटाच.

१७ मे

कामशाळेत पाण्याचा आवाज येतो. भर दुपारी, दोनच्या सुमाराला. पन्हळी तपासल्या. नळ दोन, दोन्ही कोरडे. फरशीला कान लावला. आवाज खालून नाही, समोरून येतो, चार पावलांवरून.

कालवा भरून वाहतो तेव्हा असा आवाज येतो. तिच्या केसांना लाल क्लिप होती, एका बाजूची, दुसरी सकाळीच हरवली होती म्हणून ती रुसली होती.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. मला मूलबाळ नाही. मी आणि बायको रुमियाती, दोघंच. क्लिपचं म्बोकने सांगितलं असणार. संध्याकाळी जाऊन विचारलं. ती म्हणाली, कसली क्लिप?

२४ मे

दोन्ही फळ्या एकाच दिवशी दुरुस्तीला आल्या. डॉक्टरांच्या फळीची कड फुटली होती, बू मुर्तिनाहच्या फळीला चीर गेली होती. ठेवायला जागा नव्हती म्हणून एकीवर एक ठेवली.

बसली. टोकाला टोक. खाचेला खाच. दोन गोल झाले. मध्ये केस पण जाणार नाही.

मी खोडा केलाय. महिनाभर, दोन माणसांच्या सांगण्यावरून, निम्मा-निम्मा. ज्यातून त्याला सोडवून आणला तोच, त्याहून चांगला.

मग पट्टी लावून माझ्या घोट्याची रुंदी मोजली. आठ.

२५ मे

सभेत उभा राहून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. म्हणालो, तुम्ही दोघी त्या माणसाचं एक-एक अर्धं उचलून फिरताय आणि दोन्ही अर्धी माझ्या बाकावर येऊन जुळलीत. हे थांबवा. एकदा तरी एकमेकींशी भांडा. शिव्या द्या. पण समोरासमोर.

सगळे म्हणाले, इंग्गिह.

डॉक्टर चालत राहिल्या. बू बसून राहिल्या. रजिस्टरात लिहिलं गेलं, पाक कस्मुरी यांचं म्हणणं मान्य.

३० मे

दोघींना वेगवेगळं विचारलं, आठ हे माप कुणी सांगितलं. दोघी म्हणाल्या, वागियोने.

वागियोला विचारलं. तो रंधा मारत होता, उभ्याने, आधाराशिवाय. हात थांबवला. कीव यावी तसं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, पाक, मला ते, पाण्याकडे धावणं आणि काठावर अडकणं, फार जड होतं. एक बाजू डॉक्टरांनी उचलली, एक बूनी. पण दोन्ही धरणारं कुणीतरी लागतं ना. तुम्ही कारण विचारत नाही. ज्यांना कारण लागतं त्यांना देता येत नाही हो.

वाईट बोलला नाही. आभार मानावेत तसं बोलला.

६ जून

गावी निघालो. पिशवी घेऊन फाटकापर्यंत आलो. फाटक चार पावलांवर — पाय हलेनात. पहारेकरी म्हणाला, काय पाक, बायकोची भीती वाटते काय? हसला. मी तासभर उभा. तो हसायचा थांबला. मग त्याने मागे वळवलं तेव्हा पाय आपोआप चालले.

११ जून

खोडा फोडायला कुऱ्हाड घेतली. संध्याकाळी बघतो तर रंधा मारून ठेवलाय. मीच. कडा मेणाने घासल्यात. काम सुरेख आहे. असं काम मी आजवर —

१५ जून

पाणी आता दिवसभर. त्यातून ती हाक मारते, बापाला. उठतो, धावतो, भिंतीशी थांबतो. उठतो, धावतो. फरशीवर वाट पडलीय. वागियो अंगणात फुटबॉल खेळतो. त्याने गोल केला. टाळ्या.

१६ जून

डॉक्टर हाप्सारी नाहीत. राजीनामाही नाही. सकाळी उताराच्या रस्त्याने चालत गेल्या, अजून चालतायत म्हणे, वेडिंग्याच्या वस्तीपुढे एका ट्रकवाल्याने बघितल्या, अनवाणी. बू मुर्तिनाहना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. जाताना माझ्याकडे बघून — ओळखलं नाही.

वॉर्ड शांत. सगळे एका टेबलावर जेवतात. कुणालाच काही आठवत नाही.

१८ जून

पाय घालून बघितले. फक्त बसतात का ते बघायला.

पाणी थांबलं.

इतकी शांतता. एका क्षणात. आता कळलं तो बारा वर्षं का — रडलो मी.

१९ जून

काढले. पाणी. घातले. थांबलं.

२३ जून

खुंटी आतून लावता येत नाही. म्बोक जिनेमला ठोकायला सांगितली. ती नाही म्हणाली. या इस्पितळात नाही म्हणणारी पहिली बाई. रडत होती. म्हणाली, लाज नाही वाटत, एवढा मोठा कारागीर. मग मी स्वतः — दोरी बांधून, लांबून ओढून. जमलं. जमतंच मला.

जेवण ती इथेच आणून ठेवते.

२७ जून

रुमियातीचं पत्र. फोडलं नाही. तिला मुलीबद्दल काय सांगू.

२९ जून

वागियो आला. समोर उकिडवा बसला. त्याचे घोटे भरलेत. म्हणाला, पाक, उद्या दादा येतोय. तो घाबरट आहे. मला चालताना बघून खोडा मागेल. द्या त्याला. लाकडामागे ते येतं. ते माझ्याकडे परत येईल, तुम्ही सुटाल. मला सवय आहे.

खरंच सांगत होता. किंवा त्याच्यातला धरून ठेवणारा अर्धा बोलत होता. त्याच्या पायांकडे बघितलं. बोटं फरशीवर हलत होती. निघायची घाई. त्या पायांना मी काय —

३० जून

नऊ वाजता तो फाटकातून बाहेर गेला. खिडकीतून दिसलं. कुणी धरलं नव्हतं. फाटकापाशी थांबला नाही.

लेगिमिन मात्र आत आला, इकडे. पायाने माती उकरत दाराशी उभा. मग एकदम. पाक, तो चालतोय, मला भीती वाटते. घरापासून कालवा दोनशे पावलं. माझीपण दोन पोरं आहेत. आमचा जुना खोडा वाळवीने खाल्ला. हा द्या. गाय विकून आलोय. साडेसहा लाख रुपिया, रोख. त्याने रुमाल सोडून माझ्यासमोर ठेवले.

खुंटी काढायची आणि पाय ओढायचे. एवढंच. तो काढायलाही तयार होता, वाकला सुद्धा.

मी म्हणालो, नाही.

म्हणाला, कमी वाटले का? मापातला नाही तुझ्या भावाच्या, मी म्हणालो. आठचा आहे. तो म्हणाला, चिंध्या भरीन.

नाही.

तो खूप रडला. दुकानात जाऊन आणखी उसने आणीन म्हणाला. वागियो बाहेरून हाका मारत होता, दादा, चल ना, बस जाईल, दादा — पायांवर उड्या मारत, पोरासारखा — आणि माझ्या समोर पाणी पुन्हा, खोड्यात असूनही, पहिल्यांदाच आत असूनही, वर चढतंय, घोट्यापर्यंत, ती हाक — लेगिमिन अजून दारातच आहे, आत्ता, हे लिहितोय तेव्हा, रुमाल पुढे धरून, शेवटचं विचारतो पाक, सगळं देतो, विकलेल्या गाईचं वासरूही, सात लाख रुपिया, आणि मी त्याला म्हणतोय ना—